हुतात्म्याचा पोवाडा आणि माळीणची नावे : जुन्नर-आंबेगाव परिसरातील सार्वजनिक शोकाच्या कलारूपांची चिकित्सा

गोषवारा

हिंसाचार आणि सार्वजनिक दुर्घटना यांना समाज गीत, नाट्य, कीर्तन, स्मारक अशा रूपांतून प्रतिसाद देत असतो. हा प्रतिसाद केवळ दुःखाच्या तीव्रतेवर ठरत नाही. समाजाच्या हाताशी असलेल्या कलारूपांची रचना कोणते दुःख सामावून घेऊ शकते, यावरही तो अवलंबून असतो. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात या प्रतिपादनाची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. १९३० मधील बाबू गेनू यांचे हौतात्म्य आणि २०१४ मधील माळीण दुर्घटना या एकाच तालुक्याशी निगडित घटना त्यासाठी आधारभूत धरल्या आहेत.

बीजसंज्ञा : पोवाडा, तमाशा, वगनाट्य, अभंग, जात्यावरील ओवी, सार्वजनिक शोक, स्मारक, माळीण.

प्रस्तावना

मराठी समीक्षेत शाहिरी वाङ्मयाचा विचार प्रामुख्याने वीररस आणि शृंगाररस यांच्या अंगाने झालेला आहे. पोवाडा म्हणजे पराक्रमाचे गायन आणि लावणी म्हणजे शृंगाराचे, अशी ढोबळ विभागणी पाठ्यपुस्तकांतूनही रुळली आहे. या विभागणीत सार्वजनिक शोकाला स्वतंत्र जागा उरत नाही. प्रत्यक्षात मात्र लढाई, गोळीबार, दुष्काळ, दरड यांसारख्या प्रसंगी समाजाला सामूहिक दुःख व्यक्त करण्याची गरज भासते आणि तो परिचित कलारूपांकडेच वळतो. परिचित रूप त्या दुःखाला पुरेसे पडते का, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी जुन्नर-आंबेगाव हा परिसर महत्त्वाचा ठरतो. नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. ओतूर येथे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी असल्याची परंपरा आहे, तर आळे येथे ज्ञानदेवांनी वेद वदविलेल्या रेड्याची समाधी दाखविली जाते. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी या आदिवासी समाजांची वस्ती आहे. शाहिरी, वारकरी आणि स्त्रियांची मौखिक परंपरा अशा तिन्ही धारा या भूभागात शेजारी नांदतात. त्यामुळे एकाच भूमीतील निरनिराळ्या दुःखांच्या वाट्याला कोणते कलारूप आले आणि कोणाच्या वाट्याला ते आले नाही, हे येथे तपासता येते.

पोवाड्याची रचना आणि तिच्या अटी

अफझलखानाच्या वधावरील अगिनदासाचा आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा हे शिवकालीन पोवाडे मराठीतील आरंभीचे उपलब्ध पोवाडे मानले जातात. नमन, प्रसंगाची मांडणी, नायकाचे आगमन, शत्रूशी सामना आणि अखेरीस कवीची नाममुद्रा ही त्यांतून स्थिर झालेली घडण पुढील काळातही टिकून राहिली. डफ आणि तुणतुण्याच्या साथीने मुख्य शाहीर कथन करतो आणि झीलकरी त्याची ओळ उचलून धरतात. झीलकऱ्यांचा हा प्रतिसाद श्रोतृसमुदायाचेही प्रतिनिधित्व करतो. म्हणूनच पोवाडा हे रचनेनेच सार्वजनिक रूप आहे.

हे रूप केवळ विजयाचे नाही. पानिपतच्या पराभवावरही पोवाडे रचले गेले. मात्र पराजयाच्या पोवाड्यातही सेनापती, शत्रू आणि रणभूमी हे तीन घटक कायम असतात. १८९१ मध्ये ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी प्रसिद्ध केलेल्या संग्रहाच्या नावातच ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे’ असे शब्द आहेत. ज्यांना इतिहासात आधीच नाव आहे त्यांचे गायन, ही मुद्रित परंपरेची निवड या शीर्षकातून उघड होते.

ज्यांना असे नाव नव्हते त्यांचे काय झाले, याचे उत्तर शिवनेरीवर मिळते. सतराव्या शतकात या परिसरातील महादेव कोळ्यांनी मोगल सत्तेविरुद्ध बंड केले. ते मोडल्यावर पकडलेल्यांचा शिरच्छेद करण्यात आला आणि मस्तकांच्या ढिगावर चबुतरा बांधण्यात आला, अशी हकीकत कॅप्टन मॅकिंटॉश यांच्या एकोणिसाव्या शतकातील वृत्तांतात आणि पुढे गॅझेटिअरमध्ये आली आहे. हाच ‘काळा चबुतरा’. येथे शत्रू स्पष्ट आहे, अत्याचारही स्पष्ट आहे. परंतु मृतांना नावे नाहीत. त्यांची स्मृती समाजाच्या मौखिक परंपरेने आणि या दगडी बांधकामानेच धरून ठेवली. पोवाड्यासाठी अन्याय करणारा असणे पुरेसे नाही, मरणाऱ्यालाही ओळख असावी लागते, हे या उदाहरणावरून दिसते.

बाबू गेनू : शाहिरीला अनुकूल असे मरण

बाबू गेनू सैद हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावचे. गरीब शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा तरुण पोटासाठी मुंबईत गेला आणि गिरणीत कामाला लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापड घेऊन पोलीस बंदोबस्तात निघालेल्या लॉरीसमोर तो आडवा झाला. लॉरी त्याच्या अंगावरून गेली आणि त्याचा मृत्यू झाला.

या घटनेत पोवाड्याला लागणारे सर्व घटक जणू आपोआप जुळून आलेले आहेत. नायक एकटा आणि निःशस्त्र आहे, समोर लॉरीच्या रूपाने साम्राज्याची सत्ता आहे, निर्णयाचा एक निश्चित क्षण आहे आणि सभोवताली पाहणारा जमाव आहे. गावाकडून मुंबईत आलेला गिरणी कामगार हा नायक श्रोत्यांच्या स्वतःच्या आयुष्यातील होता, ही त्यातील नवी बाब. राजे आणि सरदार यांच्या गायनाकडून सामान्य माणसाच्या गायनाकडे जाण्याची वाट अशा मरणांनी मोकळी केली. बाबू गेनूंचे नाव मुंबईतील रस्त्याला, पुण्यातील चौकाला, गणेशोत्सव मंडळाला मिळाले. त्यांचे बलिदान शालेय भाषणे, शाहिरी कार्यक्रम आणि स्मृतिदिन यांतून पुन्हा पुन्हा सांगितले गेले.

पुढील दोन दशकांत या वाटेचा विस्तार झाला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गोळीबारात मेलेल्या कामगारांना शाहिरीत आणले. ‘अंमळनेरचे अमर हुतात्मे’ या अण्णाभाऊंच्या रचनेचे शीर्षकच अनेकवचनी आहे. एका नायकाची जागा समुदायाने घेतल्याची ही ठळक खूण होय. ‘बंगालची हाक’ ही त्यांची रचना तर वरकरणी नैसर्गिक भासणाऱ्या दुष्काळाविषयी आहे. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाकडे त्या काळातील डाव्या सांस्कृतिक चळवळीने मानवनिर्मित आपत्ती म्हणून पाहिले, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. आपत्तीमागील कारणांची मांडणी विचाराच्या पातळीवर आधी झाली, तर शाहीर तिला गीतरूप देऊ शकतो, असा निष्कर्ष त्यावरून काढता येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हाही शाहिरांनी त्या मरणांना मागणीचे बळ दिले.

या परंपरेची दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाची सुरुवात याच घटनेच्या शोधातून होते. शाहीर हा दुःखाचा निवेदक असतो, त्याचप्रमाणे त्या दुःखाचा वाटेकरीही असतो. गीतामुळे दुःखाचे विरेचन होते, असे सरधोपट विधान करणाऱ्या समीक्षेला या घटनेपाशी थांबावे लागते.

नारायणगावचा फड आणि शोकाची मर्यादा

जुन्नर-आंबेगावातील सर्वांत संघटित कलाव्यवस्था म्हणजे तमाशा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या यात्रा समित्या तेथे येऊन सुपारी देतात. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग हा प्रयोगाचा क्रम असतो. या क्रमात गंभीर सामाजिक आशयाला जागा आहे ती मुख्यतः वगात. वगापर्यंत पोहोचण्यापूर्वी मात्र फडाला प्रेक्षकांची करमणूक करावी लागते. यात्रा हा गावाच्या आनंदाचा दिवस असल्याने सुपारी देणाऱ्यांची अपेक्षाही तशीच असते.

तमाशाने हिंसेला आणि आपत्तीला दिलेला प्रतिसाद या व्यावहारिक चौकटीतूनच समजून घ्यावा लागतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी जवानांसमोर कार्यक्रम केले. युद्धाचे वर्णन करण्याऐवजी युद्धात असलेल्या माणसांना काही घटका विसावा देणे, असे या प्रतिसादाचे स्वरूप होते. शोककलेच्या चर्चेत या कार्याला सहसा स्थान दिले जात नाही. वास्तविक, भेदरलेल्या किंवा थकलेल्या माणसाला पुन्हा हसता येणे हीदेखील कलेने केलेली सेवा आहे.

परंतु या सेवेची किंमत कलावंताने मोजलेली असते. प्रयोग सुरू असताना विठाबाईंना प्रसूतिवेदना झाल्या, त्या आत गेल्या आणि बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हा प्रसंग महाराष्ट्रात आदराने सांगितला जातो. त्या आदरात एक अस्वस्थ करणारी गोष्ट दडलेली आहे. ज्या कलावंताने गावाचे दुःख हलके करावयाचे, तिच्या स्वतःच्या वेदनेला रंगमंचावर प्रवेश नव्हता. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीमुळे यात्रा बंद झाल्या, तेव्हा फडांवर उपासमारीची वेळ आली. सार्वजनिक संकटात आधार देणारी कला त्या संकटात सर्वप्रथम निराधार झाली, हे या परिसराने जवळून पाहिले.

आणखी एक भौगोलिक वास्तव येथे नोंदवावे लागते. फडांचा संचार जत्रेसाठी वर्गणी गोळा करू शकणाऱ्या बागायती गावांतून अधिक होतो. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी जुन्नर-आंबेगावचा पूर्व भाग समृद्ध केला. द्राक्ष आणि टोमॅटो ही तेथील ओळख बनली. भात, नाचणी आणि हिरड्यावर गुजराण करणारा पश्चिम पट्टा या अर्थव्यवस्थेच्या कडेला राहिला. याच पट्ट्यात डिंभे धरणाच्या जलाशयात मूळचे आंबेगाव हे गाव बुडाले. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते गाव आज पाण्याखाली आहे आणि कारभार घोडेगावातून चालतो. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. एका भूमिपुत्राच्या बलिदानाचा गौरव ज्या पाण्याने केला, त्याच पाण्याने दुसऱ्या भूमिपुत्रांचे घर घेतले. पहिल्या घटनेला गायन लाभले. दुसरी घटना हळूहळू, कागदपत्रांतून आणि नोटिशींतून घडली. तिला तसा निर्णायक क्षण नव्हता.

अभंग, प्रवचन आणि सांत्वनाचा धोका

शाहिरीला नायक लागतो. वारकरी परंपरेला तो लागत नाही. नामदेवांनी ज्ञानदेवांच्या समाधीचे जे अभंग रचले, त्यांत एका मृत्यूभोवती जमलेल्या संपूर्ण समुदायाचा शोक आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात तुकोबांनी पत्नी आणि मुलगा गमावला. त्या सार्वजनिक आपत्तीतून त्यांची वाणी अंतर्मुख झाली. वैयक्तिक आणि सामूहिक दुःख यांतील भेद या परंपरेने पुसून टाकला, असे म्हणता येईल.

या परिसरात आजही दशक्रिया विधीच्या वेळी नदीकाठी प्रवचन होते. मृत व्यक्ती प्रसिद्ध असो वा नसो, तिच्यासाठी गाव जमते आणि तिच्याविषयी चार शब्द बोलले जातात. मरणाऱ्याकडून कोणत्याही पराक्रमाची अपेक्षा न ठेवता त्याला सार्वजनिक शोकाचा अधिकार देणारी ही व्यवस्था आहे. पोवाड्यात नसलेला समतेचा अंश तिच्यात आहे.

तथापि तिच्या मर्यादाही आहेत. देह नाशिवंत आहे आणि मरण अटळ आहे, हा प्रवचनाचा स्थायी आशय वार्धक्याने आलेल्या मृत्यूला समर्पक ठरतो. दुर्लक्षामुळे, चुकीच्या नियोजनामुळे किंवा विषमतेमुळे आलेल्या मृत्यूला तोच आशय लावला की कारणांची चौकशी दैवाच्या नावाखाली मिटते. सांत्वन करणे आणि प्रश्न मिटवणे यांतील सीमारेषा येथे अत्यंत पुसट होते.

जात्यावरील ओवी : नात्याच्या नावाने शोक

स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरतो. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हाँ यांनी पुणे जिल्ह्यातील व इतर भागांतील खेड्यांतून केलेल्या संकलनात लाखाच्या घरात ओव्या आहेत. आई, बाप, भाऊ, लेक अशी नात्यांची संबोधने हा या ओव्यांचा आधार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निधनाविषयीच्या ओव्याही या संकलनात आहेत. संपूर्ण देशाच्या इतिहासातील घटना ओवीत शिरते तेव्हा ती घरातील माणसाच्या निधनाप्रमाणे गायली जाते.

ओवी लहान असते, तिला प्रेक्षक नसतात, तिच्यात शत्रूशी सामनाही नसतो. मृताला नात्याने हाक मारणे आणि त्याची रिकामी जागा दाखवणे, एवढेच ती करते. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती बंद पडली आणि ही गायनाची जागाही गेली. सार्वजनिक शोकाचे हे बिनवीर रूप नष्ट झाल्याची हानी शाहिरीच्या हानीइतकी चर्चिली गेलेली नाही.

माळीण : दीडशे नावांपुढे कलारूप

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांत बहुसंख्य महादेव कोळी समाजाचे होते. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगाला बातमी कळली. जिल्हा परिषदेची शाळा वाचली. शाळेत जाणारी बरीच मुले मात्र घरात होती. २०१७ मध्ये नव्या जागी पुनर्वसित गाव उभे राहिले. जुन्या ठिकाणी मृतांचे स्मारक आहे आणि दरवर्षी ३० जुलैला नातलग तेथे जमतात.

या घटनेला पोवाड्याच्या चौकटीत बसविण्याचा प्रयत्न केला तर तीन पर्याय उरतात. निसर्गाला शत्रू करणे, मदत पथकांना नायक करणे किंवा शासनावर सरसकट दोषारोप करणे. पहिल्या पर्यायात ‘निसर्गाचा कोप’ हा शब्दप्रयोग येतो आणि डोंगरउतारावरील बदल, यंत्रांनी केलेले जमिनीचे सपाटीकरण, पडकईची कामे, अतिवृष्टी यांविषयी झालेली चर्चा एका शब्दात संपते. दुसऱ्या पर्यायात चिखलात राबलेल्या जवानांचा उचित गौरव होतो; पण गाडली गेलेली माणसे केवळ पार्श्वभूमी बनतात. तिसरा पर्याय आवेशाचा आहे, तथापि पडकई ही डोंगरातील शेतकऱ्याला भातखाचर मिळवून देणारी, त्यालाही हवी असलेली योजना होती, ही गुंतागुंत त्यात मावत नाही.

झोपेत किंवा चुलीपाशी असताना आलेल्या मरणात पराक्रम नसतो. म्हणून त्याचा शोक कमी प्रतीचा ठरत नाही. माळीणपुढे शाहिरी रचना अपुरी पडते, यात शाहिराच्या प्रतिभेचा दोष नाही. एका व्यक्तीच्या निवडीचे गायन करण्यासाठी घडविलेल्या रूपाकडून, निवडीची संधीच न मिळालेल्या दीडशे माणसांच्या मरणाचा भार उचलण्याची अपेक्षा केली जात असते.

स्मारकावरील नावांचे वाचन या पार्श्वभूमीवर वेगळे महत्त्व धारण करते. नावांच्या यादीत आडनावे पुन्हा पुन्हा येतात. एकाच घरातील तीन पिढ्या सलग दिसू लागतात. ही यादी वाचणाऱ्याच्या मनात आपोआप नातेसंबंध उभे राहतात. ओवी जे करीत असे तेच ही यादी दगडावर करते. काळ्या चबुतऱ्याखालील माणसांना जे मिळाले नाही ते माळीणच्या माणसांना मिळाले, ही साडेतीन शतकांतील लहानशी पण खरी प्रगती होय. परंतु यादी प्रश्न विचारत नाही. गाव डोंगराच्या पायथ्याशी का होते, धोक्याची सूचना का मिळाली नाही, हे सांगण्यासाठी कथनाची गरज असते आणि कथनाचे सामर्थ्य शाहिरीकडे आहे. २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे दरडी कोसळल्या. प्रत्येक वेळी हळहळीची भाषा तीच राहिली. कारणांचे स्मरण कलेने किंवा शिक्षणाने जिवंत न ठेवल्यास शोक हा वार्षिक कार्यक्रम होऊन बसतो.

निष्कर्ष

१. पोवाडा हे सार्वजनिक शोकाचे समर्थ रूप आहे. मात्र त्याला नाव असलेला नायक, ओळखता येणारा शत्रू आणि निर्णायक क्षण लागतो. बाबू गेनूंच्या मरणात हे तिन्ही होते. काळा चबुतरा, डिंभेतील विस्थापन आणि माळीण यांत ते एकत्र आढळत नाहीत.

२. तमाशाचा प्रतिसाद प्रामुख्याने विसाव्याचा आहे. त्याचे मूल्यमापन करताना कलावंताच्या आर्थिक अवलंबित्वाचा आणि फडांच्या संचारमार्गाचा विचार करणे आवश्यक आहे.

३. वारकरी परंपरा प्रत्येक मृताला शोकाचा समान अधिकार देते. परंतु कारणमीमांसा दैवाकडे सोपविण्याचा धोका तिच्यात आहे.

४. जात्यावरील ओवी आणि नावांचे स्मारक ही दोन्ही रूपे मृताला नात्यात परत आणतात. वीरत्व नसलेल्या मरणांसाठी ती अधिक प्रामाणिक ठरतात.

५. आपत्तीविषयीच्या कलाकृतीची पारख करताना दोन कसोट्या लावता येतील : तिने मृतांची नावे जपली का, आणि त्यांच्या मरणाचा प्रश्न खुला ठेवला का? केवळ पहिली पूर्ण झाली तर स्मारक उरते, केवळ दुसरी पूर्ण झाली तर प्रचार उरतो.

‘बंगालची हाक’च्या काळात दुष्काळाच्या कारणांची मांडणी विचारवंतांनी केली आणि शाहिरांनी तिला चाल दिली. दरडींच्या बाबतीत हे पहिले काम अपुरे राहिले आहे. भूगोल, समाजशास्त्र आणि मराठी हे विभाग एकाच महाविद्यालयाच्या इमारतीत शेजारी असतात आणि त्यांच्या वर्गांतून पश्चिम पट्ट्यातील आदिवासी मुलेमुली बसलेली असतात. माळीणचा पोवाडा कोणी का रचला नाही, असे शाहिराला विचारण्यापूर्वी त्याला रचण्याजोगी हकीकत अभ्यासकांनी हाती दिली आहे काय, हा प्रश्न अध्यापकवर्गाने स्वतःला विचारणे उचित ठरेल.